चालण्यास तयार

खोकं आलं तेव्हा भाऊंनी आधी सही केली,
मग चष्मा शोधला.
कस्टमची ड्यूटी ऐकून म्हणाले,
एवढ्यात मी वर्षभर कोळसा ओढला असता.

शिवडीच्या आमच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर,
लोणच्याची बरणी सरकवून
मी थर्माकोलमधून ते उचललं.
वीतभरही नाही. हिरवं, सहा चाकांचं,
दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, मागे टेंडर नाही.
आपलं पाणी आपल्याच कुशीला बांधून
गोदीच्या फाट्यांवर दिवसभर मागे-पुढे करणारं.

खोक्यावरचं इंग्रजी मी वाचून दाखवलं:
ऐतिहासिक टँक इंजिन. रेडी टू रन.
'ऐतिहासिक' ऐकून भाऊ दाराबाहेर बघत राहिले.
माझ्या पेन्शनच्या कागदावर असं काही नाही, म्हणाले.
आणि 'रेडी टू रन'चा अर्थ सांगितल्यावर
हसता हसता ठसका लागला त्यांना.

अगं, तयार कुठलं?
पहाटे तीनला उठून गार भट्टीत
चिंध्या, जळकं तेल, लाकडाच्या ढलप्या,
मग मूठ मूठ कोळसा, लाडीगोडीने.
साडेसहापर्यंत काटा हलायचा नाही.
मुकादम बोंबलतोय, बोट लागलीय, खजूर उतरायचाय,
आणि आमची सत्तावीस नंबर
माहेरी आलेल्या लेकीसारखी ढिम्म.

रूळ जोडले. निषादने लीड्सहून फोनवर सांगितलं तसं
लाल वायर इकडे, काळी तिकडे.
बटण फिरवलं आणि निघालं ते.
आवाज शिवणयंत्राचा,
तोही शेजारच्या घरातल्या.
बरणीला वळसा, औषधांच्या डब्याला वळसा,
वीजबिलाखालून पुन्हा बरणी.

भाऊंनी थांबवलं.
टाकीचं झाकण नखाने उचकटून पाहिलं.
उघडत नाही.
पाणी कुठून भरायचं, त्यांनी मला विचारलं,
आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही.

मग त्यांना काजळी दिसली.
धुराड्याभोवती, टाक्यांच्या कडांना, चाकांच्या आऱ्यांत,
कारखान्यातूनच लावून आलेली काजळी.
कुणीतरी बारीक ब्रशने, मान मोडून, पगार घेऊन.
सहा वर्षं क्लीनर होतो, भाऊ म्हणाले,
हेच पुसायचा पगार होता मला.
जुन्या बनियनच्या चिंधीवर खोबरेल घेतलं
आणि बसले घासत.
फोनमधून निषाद ओरडला,
आजोबा, नको! सगळी किंमत त्या डागांची आहे!
भाऊंना हल्ली ऐकू कमी येतं.
किंवा तेवढंच येत नाही.
काजळी गेली. थोडा हिरवाही गेला.
केबिनमध्ये मुगाएवढा एक ड्रायव्हर होता, गोरा, टोपीवाला.
त्याच्या तोंडावरची मात्र राहू दिली.
साहेब आहे, म्हणाले, जरा काळा होऊ दे.

अर्धा तास फिरल्यावर त्यांनी हात पुढे केला.
तळवा नाही, पालथा हात,
बॉयलरच्या पत्र्याला लागेल न लागेल असा.
तवा, इस्त्री, निषादचं तापलेलं कपाळ,
लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय,
सगळं ते असंच बघतात.
हा हात कुठे शिकला ते
मला एकतीस वर्षांनी कळत होतं.

आलीय ऊब, म्हणाले.

मी सांगणार होते, आत मोटर आहे, ती तापते.
नाही सांगितलं.

रात्री दहाला त्यांनी स्वतः वायर काढली.
भट्टी झाडली, म्हणाले,
कुणाला ते माहीत नाही. मी दिवा मालवत होते.

सकाळी इंजिनाशेजारी
बाटलीचं निळं झाकण होतं, काठोकाठ पाण्याचं.
मी पोळ्यांचा डबा
जरा अलीकडे ठेवला.